पडली त उचलीन कोन?

अमरावती-अकोला रस्त्यावरचा लोणी ते माना हा पट्टा जून २०२२ मध्ये गिनेस बुकात गेला. १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर लांबीची एक लेन डांबर टाकून तयार झाली. त्याआधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. बडनेऱ्याला इंजिनिअरिंग करताना याच रस्त्याने एसटीत बसून आमच्या मणक्यांचा हिशेब चार वर्षं चालला होता, त्यामुळे कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या आठवड्यात नुसता धिंगाणा होता. आता हा रस्ता इतका गुळगुळीत आहे की कारमध्ये मागच्या सीटवर बसून मी कोड रिव्ह्यू केलेले आहेत.

या रस्त्यावरून मूर्तिजापूरला उतरायचं आणि दर्यापूरकडे वळायचं. तिकडे आमचं गाव. गावापर्यंत डांबर आहे. गावापासून आमचं वावर अडीच किलोमीटर, आणि ते अडीच किलोमीटर म्हणजे पांदण. पश्चिम महाराष्ट्रात पाणंद म्हणतात, आमच्याकडे पांदण. दोन्ही बाजूंना शेतांचे धुरे, मधून बंडीच्या चाकोऱ्या, कडेला बाभळी. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात जे असतं त्याला चिखल म्हणणं म्हणजे चिखलाचा अपमान आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्या पांदणीवर बाबांची स्प्लेंडर घसरली. गाडी डाव्या पायावर पडली. घोट्याच्या वर हाड मोडलं. फोन शर्टाच्या खिशातून उडून चिखलात पडला होता आणि हात पोहोचत नव्हता. शेजारच्या वावरातले काका फवारणीचा पंप भरायला धुऱ्यावर आले तेव्हा त्यांना दिसलं. मग बंडीत टाकून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून अकोला. मी तेव्हा पुण्याच्या कंपनीचं काम अकोल्याच्या घरातूनच करत होते. स्टँडअप कॉलवर माझा नंबर यायच्या आधी आईचा फोन आला.

पायात रॉड बसला. डॉक्टरांनी किक मारायची नाही, गाडी चालवायची नाही, वावरात जायचं नाही असं सगळं सांगितलं. बाबांनी ते ऐकून घेतलं. मी एकुलती एक. कपाशी उभी, तूर उभी. गडीमाणसं होती, पण बी-खताचा हिशेब, फवारणी कुठली, पाणी कुठं साचलं हे बघायला घरचं कोणीतरी लागतं. माझी ॲक्टिव्हा पांदणीच्या तोंडापर्यंत जायची. तिथून पुढे चालत. सप्टेंबरमध्ये मी ते अडीच किलोमीटर कितीतरी वेळा चालले, आणि चालता चालताच हा विचार डोक्यात आला की आपण एक ऑफ-रोड मोटरसायकल घ्यावी.

इथे एक कबुली देऊन टाकते. वावर हे निम्मं कारण होतं. निम्मं कारण हे की मला ती गाडी हवीच होती. ऑफिसातले चार-पाच जण स्पितीला जाऊन आले होते, त्यांचे व्हिडिओ मी रात्री जागून बघितले होते. उंच हँडल, समोरचं मोठं चाक, फुटपेगवर उभं राहून नदी पार करणारा माणूस. त्या चित्रात मी स्वतःला कितीतरी वेळा बसवलं होतं. बाबांचा पाय मोडल्यावर त्या इच्छेला एक सभ्य कारण मिळालं, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे घरात विषय काढताना मी जरा जास्तच ‘शेतीसाठी, शेतीसाठी’ करत होते.

आईने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “पडली त उचलीन कोन?”

मी म्हटलं, “मला?”

“तुले उचलाले लोकं येतीन. गाडी कोन उचलीन?”

मी तेव्हा हसले. पण पुढचे तीन महिने मी जी काही माहिती गोळा केली, स्पेसिफिकेशनच्या एक्सेल शीट केल्या, त्या सगळ्यांपेक्षा हा प्रश्न नेमका होता.

माझी उंची पाच फूट दोन इंच. मी पहिल्यांदा शोरूममध्ये गेले ती हिमालयन बघायला, कारण माझ्या डोक्यातलं चित्र तिचंच होतं. रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन, ४११ सीसीची, २०१६ मध्ये आली. तिच्या सीटची उंची ८०० मिलिमीटर, म्हणजे या जातीच्या गाड्यांत बुटकीच. मी बसले आणि दोन्ही पायांचे चवडे टेकले. मला आनंद झाला. मग सेल्समनने स्टँडवरून काढून सरळ धरली आणि हात सोडला. गाडी जवळपास दोनशे किलोची आहे. सरळ उभी असताना ते वजन कळत नाही. ती जराशी एका बाजूला कलली आणि मला जाणवलं की आता काही सेकंदांत मी आणि ही टाइल्सवर असणार आहोत. सेल्समनने धरली. तो म्हणाला, “मॅडम, एकदा चालू झाली की वजन लागत नाही.” हे खरं आहे. रस्त्यावर चालू झाली की लागत नाही. पांदणीवर मात्र गाडी दर पन्नास मीटरला थांबते, आणि सगळं वजन तिथेच लागतं.

नोव्हेंबरमध्ये नवी ४५० सीसीची हिमालयन आली. चाळीस हॉर्सपॉवर. वजन १९६ किलो. तिच्याकडे मी फक्त फोटोत बघितलं. केटीएमची ३९० अॅडव्हेंचर होती, सीट ८५५ मिलिमीटरवर. तिच्यावर बसले तेव्हा मला लहानपणी बैलावर बसवलं होतं त्याची आठवण झाली.

ऑफ-रोड शिकणाऱ्याला पहिली गाडी कोणती, यावर इंग्रजीत वाचायला गेलं की सगळे जाणकार एकच सांगतात: हलकी घ्या, लहान इंजिनाची घ्या. अमेरिकेत-युरोपात त्याचा अर्थ १२०-१३० किलोची, कमी सीसीची, फक्त मातीसाठी बनलेली गाडी. आपल्याकडे तसल्या गाड्या सहज मिळत नाहीत. मिळाल्या तर त्या पासिंग नसलेल्या, ट्रॅकपुरत्या असतात आणि ट्रेलरवर घालून न्याव्या लागतात. दर्यापूरला पेट्रोल भरायला ट्रेलर घेऊन कोण जाणार? म्हणजे नंबर प्लेट हवी, रोजच्या वापराची हवी, आणि सुटे भाग अकोल्यात मिळाले पाहिजेत. एवढ्या चाळण्या लावल्या की यादीत फार काही उरत नाही.

आपल्याकडे हे वर्षानुवर्षं असंच आहे. रस्ते वाईट आणि वाईट रस्त्यासाठी बनवलेली गाडी मात्र नाही. माझ्या आजोबांकडे राजदूत होती. एस्कॉर्ट्सची १७५ सीसी, मूळ पोलंडची. दूधवाल्यांची गाडी म्हणून तिला शहरात हसायचे. आजोबा तिच्यावरून बियाणं आणि तुराट्यांचे भारे आणायचे, आणि एकदा आजीला बाळंतपणासाठी याच पांदणीवरून नेलं होतं. कुठल्याही व्याख्येने ते ऑफ-रोडिंगच होतं. हा शब्द आमच्याकडे आला तो पुष्कळ नंतर, व्हिडिओंबरोबर. होंडापासून वेगळं झाल्यावर २०११ मध्ये हिरोने इम्पल्स नावाची १५० सीसीची गाडी आणली होती, उंच, लांब सस्पेन्शनची, ब्राझीलमध्ये चालणाऱ्या होंडाच्या एका गाडीवर बेतलेली. ती काही वर्षांत बंद पडली. मग २०१९ च्या मे महिन्यात एक्सपल्स २०० आली. ती एक लाखाच्या आसपास मिळत होती आणि समोर २१ इंचांचं चाक होतं. मधल्या काळात हिरोने डकार रॅलीत टीम उतरवली होती. वाळवंटातली जगातली सगळ्यात अवघड शर्यत आणि दर्यापूरच्या बसस्टँडसमोरची स्प्लेंडर एकाच कंपनीची, ही गोष्ट मला उगाचच आवडते.

एक्सपल्सच्या ४व्ही मॉडेलचं वजन १५८ किलो. सीट ८२५ मिलिमीटर. म्हणजे वजनाने हिमालयनपेक्षा चाळीस किलो कमी, पण उंचीने जास्त. शोरूममध्ये बसले तर दोन्ही पायांची फक्त बोटं टेकत होती. इथे मी चक्क पंधरा दिवस अडकले. पाय टेकणारी जड गाडी की पाय न टेकणारी हलकी गाडी?

हा प्रश्न सुटला तो एका मैत्रिणीच्या नवऱ्यामुळे. त्याच्याकडे दोनशे किलोच्या वर्गातली एक गाडी होती. अमरावतीच्या बाहेर त्यांच्या प्लॉटवर मी त्याला सांगितलं, आडवी कर. तो माझ्याकडे बघत राहिला. मग जुनी गादी टाकून तिच्यावर आम्ही गाडी आडवी केली, आणि मी ती उचलायचा प्रयत्न केला. पद्धत मी शिकून गेले होते: गाडीकडे पाठ करायची, कुल्ले सीटच्या कडेला टेकवायचे, एक हात हँडलवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर, आणि पाठीने न उचलता पायांनी ढकलत मागे चालत जायचं. गाडी गियरमध्ये हवी, म्हणजे घरंगळत नाही. उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचं, नाहीतर उचलल्याच्या आनंदात ती पलीकडे पडते. पहिल्यांदा उचलली. दुसऱ्यांदा निम्मी उचलून सोडली. तिसऱ्यांदा हललीच नाही. ते सपाट, कोरड्या सिमेंटवर होतं. पांदणीवर पाय घसरत असताना, एकटी असताना, चौथ्यांदा पडली असती तेव्हा मी काय केलं असतं?

पुढच्या आठवड्यात अकोल्यात एकाची एक्सपल्स मिळाली, तीही अशीच आडवी केली. पाच वेळा उचलली. सहाव्यांदा उचलता आली असती, पण गाडीमालकाचा चेहरा बघवेना.

पाय टेकण्याचं कोडं तसं सोपं निघालं. दोन्ही पाय टेकायची गरजच नसते. कुल्ला जरा सरकवून एकच पाय पूर्ण टेकवायचा, दुसरा फुटपेगवर. शिवाय सस्पेन्शन मऊ असल्यामुळे आपण बसलो की गाडी स्वतःच खाली दबते, शोरूमच्या कागदावरचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. काही लोक सस्पेन्शनच उतरवून घेतात. तसं केलं तर ज्या उंचीसाठी गाडी घेतली तीच जाते. मी अकोल्यात सीट कव्हरवाल्याकडून सीटचा फोम इंचभर तासून घेतला. त्याने आधी विचारलं, “नवीन गाडीची सीट काहून कापून राह्यल्या, मॅडम?” मग मी गाडीवर बसून दाखवलं. त्यानंतर त्याने काही न बोलता फोमवर खडूने रेघ मारली.

आता काळ्या मातीबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता, आणि तिच्याबद्दल कुठल्याच व्हिडिओत काही नव्हतं. व्हिडिओंत वाळू असते, दगड असतात, नदी असते. पूर्णेच्या खोऱ्यातली रेगूर नसते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून उन्हाळ्यात आमच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती लोण्यासारखी होते. लोणी निदान चिकटत नाही. ही माती टायरला चिकटते, टायर फिरला की तिच्यावर आणखी थर चढतो, तो थर मडगार्डला जाऊन भिडतो, आणि चाक थांबतं. अक्षरशः थांबतं. क्लच सोडला तरी गाडी जागची हलत नाही, पुढचं चाक न फिरता नांगरासारखं ओढलं जातं. बाबांची स्प्लेंडर अशीच पडली होती. वेग जेमतेम होता. पुढच्या चाकाचा मडगार्ड टायरला लागून असतो, त्यात माती भरली, चाक अडलं, हँडल वळलं.

म्हणजे आमच्यासाठी ऑफ-रोड गाडीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इंजिन नव्हतीच. समोरचं मडगार्ड टायरपासून किती वर आहे, ही होती. पक्ष्याच्या चोचीसारखं जे वर दिसतं, ते मी इतके दिवस स्टाइल समजत होते. ते मातीला निघून जायला जागा ठेवण्यासाठी असतं. मात्र रस्त्यावर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांना चोचीखाली, टायरलगत, आणखी एक मडगार्ड असतं. घेताना वाकून बघायचं असतं ते हे. दुसरी गोष्ट मोठं चाक. २१ इंचांचं चाक खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जातं. बंडीच्या चाकोरीतून बाहेर यायचं असेल तर हा फरक लगेच कळतो. तिसरी गोष्ट पोटाखालची जागा. स्प्लेंडरची १६५ मिलिमीटर, एक्सपल्सची २२०. दोन चाकोऱ्यांच्या मध्ये जो मातीचा उंचवटा राहतो, तो या पाच सेंटिमीटरमध्ये मावतो.

जानेवारी २०२४ मध्ये अमरावतीत एक २०२२ ची एक्सपल्स मिळाली. एक लाख पाच हजार. मालक बँकेत होता, बदली होऊन चालला होता, आणि त्याने गाडी चिखलदऱ्याच्या घाटापलीकडे कुठे नेलेली नव्हती. जुनी ऑफ-रोड गाडी घेताना हेच बघायचं असतं: ती खरंच ऑफ-रोड गेली आहे का. इंजिनाखालच्या पत्र्यावरचे ओरखडे, रिमला आलेला पोचा, पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओलावा, एअर फिल्टर उघडून आतली धूळ. मी फिल्टर उघडायला सांगितल्यावर त्याने विचारलं, “तुम्ही मेकॅनिक आहात?” मी म्हटलं, “जावा डेव्हलपर.” तो म्हणाला, “यामाहावर काय काम असतं मग?” त्याला जावा-येझदीची जावा वाटली असणार, आणि तिच्यातून तो यामाहावर कसा गेला हे मला अजून कळलेलं नाही.

विक्रमी रस्त्यावरून गाडी अकोल्याला आणली. आणि तिथे ती कंटाळली. ऐंशीच्या पुढे हँडल झिणझिणतं, वारा छातीवर बसतो, मागून ट्रक येतो तेव्हा अंगातला जोर संपलेला असतो. साधारण १९ हॉर्सपॉवर. ज्यांना आठवड्याला पुणे-महाबळेश्वर करायचं आहे आणि वर्षातून एकदा माती बघायची आहे, त्यांनी ही गाडी घेऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. लोक स्वप्न बघतात एक टक्का वापराचं आणि शिव्या देतात उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांना.

बाबा अंगणात खुर्चीवर बसून होते, काठी शेजारी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, लंगडत. सीटच्या मागे बघितलं. मग म्हणाले, “याच्यावर युरियाचं पोतं कुठी ठेवशीन?”

मी निरुत्तर. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं. स्प्लेंडरच्या लांब, सपाट सीटवर ते आडवं बसतं आणि बाबा टाकीला चिकटून चालवतात. एक्सपल्सची सीट चढती, वर निमुळती. माझ्या एक्सेल शीटमध्ये तेवीस कॉलम होते, त्यात पोतं नव्हतं. पुढे मूर्तिजापूरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी कॅरियर करून घेतला. त्याने गाडीचं वजन वाढलं, तोल मागे गेला आणि दिसायला ती दूधवाल्याची झाली. आजोबांच्या राजदूतला बरं वाटलं असेल.

शिकले ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, पऱ्हाटी उपटून झाल्यावर रिकाम्या वावरात. सुरुवात कोरड्या, मोकळ्या, सपाट जागी करावी हे सगळेच सांगतात. आमच्याकडे ती सोय आयती होती, फक्त तुरीची थुटं शिल्लक असतात आणि ती टायरमध्ये खिळ्यासारखी घुसतात. शिवाय बाभळीचे काटे. आरे असलेल्या या चाकांत ट्यूब असते, त्यामुळे पंक्चर झालं की ट्यूबलेससारखं बाहेरून दोरी खुपसून भागत नाही, चाक खोलावं लागतं. ट्यूब चिमटली जाऊ नये म्हणून हवा फार कमी करून चालत नाही, आणि मातीत पकड हवी तर थोडी कमी करावीच लागते. पहिल्या महिन्यात पाच पंक्चर. गावातल्या पंक्चरवाल्याने शेवटी मला टायर लिव्हर चालवायला शिकवलं आणि स्वतःचं गिऱ्हाईक घालवलं.

बाबा धुऱ्यावर बाभळीखाली बसायचे. मी व्हिडिओ बघून आलेली होते: उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपर बाहेर, नजर लांब. बाबांनी यातला एकही शब्द कधी ऐकलेला नव्हता आणि त्यांना सगळं माहीत होतं. “समोरचा बिरेक नोको लावू.” “क्लच अर्धा ठेव, अर्धा.” एकदा मी चाकाखालच्या ढेकळांकडे बघत चालले होते, तर ते ओरडले, “लांब पाय! लांब पाय!” वऱ्हाडीत ‘पाय’ म्हणजे ‘पाहा’. जन्म अकोल्यात जाऊनही घाबरलेल्या डोक्याने त्याचा अर्थ मराठीच्या पुस्तकातला लावला, मी उजवा पाय लांब केला आणि तोंडावर पडले. बाबा इतके हसले की काठी खाली पडली. पाय मोडल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

त्या दोन महिन्यांत मी अठरा वेळा पडले. मोजलं, कारण पेशाच मोजण्याचा आहे. अंगावर गुडघ्याची आणि कोपराची कवचं, घोट्याच्या वर जाणारे बूट, पूर्ण हेल्मेट. गाडीच्या बजेटमधले पंधरा-वीस हजार या सामानासाठी बाजूला काढायचे, हे मात्र मी कोणाचंही न ऐकता पहिल्या दिवशी ठरवलं होतं. बाबांच्या पायातली चप्पल मला आठवत होती. बूट दिसल्यावर गावातल्या एका मावशीने विचारलं, “पोलिसात लागली काय माय?” मी हो म्हणाले. त्यानंतर गावात माझ्याशी जरा अदबीने बोलतात.

मित्रमैत्रिणी विचारतात की मेळघाटात नेतेस का. नेते, रस्त्यावरून. परतवाडा-चिखलदऱ्याचा घाट, कधी अकोटमार्गे नरनाळ्याच्या पायथ्यापर्यंत. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ ठिकाणांतलं मेळघाट एक. तिथल्या मातीच्या वाटा दिसायला मोहक असतात, आणि त्या आपल्यासाठी नसतात. गाडी जाऊ शकते म्हणून न्यायची, ही खाज या गाड्यांबरोबर फुकट येते. मलाही येते. मी ती वावरात भागवते.

जून संपता संपता पाऊस लागला आणि माझा माज उतरला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दोन दिवसांच्या झडीनंतर, मी एक्सपल्स पांदणीत घातली. पहिले तीनशे मीटर छान गेले. मग टायरच्या नक्षीत माती भरली आणि टायर गुळगुळीत झाला, जणू नक्षी नव्हतीच. मडगार्ड वर होतं म्हणून चाक अडलं नाही, पण पकड शून्य. मागचं चाक जागच्या जागी फिरत खाली चाललं. साडेतीन लाखांची गाडी असती तरी तेच झालं असतं, फक्त ती जास्त खोल गेली असती. मी ती तशीच रोवलेली सोडून परत आले, गुडघ्यापर्यंत काळी.

बाबा म्हणाले, “वापसा नाई त बैल नेत नाई आपुन वावरात. गाडी काहून नेली?”

वापसा. पाऊस थांबल्यावर मातीतलं जास्तीचं पाणी उतरतं, वरचा थर जरा सुकतो, आणि माती पायाला चिकटायची थांबते, ती वेळ. पेरायची असो की डवरायची, शेतकरी वापशाची वाट बघतो. घाई केली तर माती तुडवली जाऊन दगड होते. लहानपणापासून हा शब्द ऐकत आले होते आणि मला वाटायचं तो फक्त बियाण्यांसाठी आहे. आता सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी मी गावात फोन करते, काका पायाने माती दाबून बघतात आणि सांगतात, “आज नोको,” किंवा “दुपारी येजो.” यंत्राच्या मर्यादेत काम करणं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मातीच्या मर्यादेचा पेपर नव्हता.

मग स्प्लेंडरवर माणसं इतकी वर्षं कशी गेली? हा प्रश्न मी बाबांना नंतर विचारला. ते म्हणाले, काही दिवस जात नव्हतो, काही दिवस चालत जात होतो, आणि काही दिवस जावंच लागत होतं. ऑगस्टमधला तो दिवस तिसऱ्या प्रकारातला होता. कपाशीवर बोंडअळीचं औषध मारायचं होतं, माणसं ठरलेली होती, मजुरी ठरलेली होती. गाडी कोणती होती याचा त्यात अर्धाच वाटा होता. माझी नोकरी आहे, मी ‘आज नोको’ ऐकू शकते. हे एवढं साधं माझ्या लक्षात यायला एक लाख पाच हजार आणि अठरा-एकोणीस पडणं लागलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उघडीप मिळाली. फवारणी करायची होती, बरोबर त्याच दिवसांत जेव्हा आदल्या वर्षी बाबा पडले होते. काकांनी फोनवर “येजो” म्हटलं. मी कॅरियरला औषधाचे डबे बांधत होते, आई दारात उभी होती. बाबा आतून आले आणि त्यांनी माझ्या हातात एक जुनं उलथनं दिलं, दांडा घासून गुळगुळीत झालेलं. स्प्लेंडरच्या डिकीत असायचं ते. मडगार्डमधली माती काढायला.

मी म्हटलं, “बाबा, याचं मडगार्ड वर आहे. भरत नाही.”

“मागचं भरते,” ते म्हणाले. “चेनीपाशी पाय.”

या वेळी मी पाहिलं.

पांदणीच्या मध्यावर, जिथे वळणावर दोन बाभळी आहेत, तिथे मी पडले. सावकाश, डावीकडे, औषधाच्या डब्यांसकट. पाय बाहेर काढला, हलवून बघितला. इंजिन बंद केलं. मागच्या चाकाजवळ, चेनीच्या आतल्या बाजूला, मुठीएवढा काळा गोळा बसला होता. उलथन्याने तो काढला. मग गाडीकडे पाठ केली, टाचा रोवल्या, आणि मागे चालू लागले. पहिल्या झटक्यात नाही आली. दुसऱ्यांदा आली. फोन वाजत होता, खिशाची चेन लावलेली असल्यामुळे तो अजून खिशातच होता. आईचा असणार हे माहीत होतं. हात काळे होते, म्हणून उचलला नाही. वावर अजून एक किलोमीटर होतं.